वाचक विचारतात : वरून पाहिलेलं तानसा

गेल्या अंकात मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा धरणाचं विमानातून घेतलेलं छायाचित्र छापलं, त्यावर ठाणे-नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून त्यांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं धरणांच्या आणि उपग्रह-चित्रांच्या कामातल्या आमच्या सल्लागारांनी दिली आहेत.

प्रश्न : नागपूरहून मुंबईला येताना विमान खाली येऊ लागलं की तीन-चार मोठी तळी दिसतात. त्यांतलं तानसा कोणतं ते कसं ओळखायचं? आणि काचेतून फोटो नेहमी धुरकट का येतो? (ऐरोली)

आधी तळी शोधू नका, सह्याद्रीची कडा शोधा. घाटमाथ्यावर, नाशिक जिल्ह्यात, पसरट आणि खूप फाटे फुटलेलं पाणी दिसलं तर ते अप्पर वैतरणा. कडा संपून जमीन एकदम खाली गेली, की दोन डोंगरांमध्ये अडकलेल्या अरुंद, लांबट पाण्याच्या दोन पट्ट्या दिसतात. वरची मध्य वैतरणा, खालची मोडक सागर. दोन्ही एकाच वैतरणा नदीवर आहेत आणि दोन्हींच्या भिंती आखूड, कारण दरी चिंचोळी आहे.

त्यानंतर कसारा-खर्डी-आटगाव-आसनगाव हा रेल्वेमार्ग आणि त्याला धरून जाणारा नाशिक महामार्ग पकडा. आता समृद्धी महामार्गाची रुंद, उजळ रेघही मदतीला आहे. रेल्वेच्या पूर्वेला हाताच्या बोटांसारखे फाटे असलेलं प्रचंड पाणी म्हणजे भातसा. पश्चिमेला, जंगलाने वेढलेलं पाणी म्हणजे तानसा. शंका राहिली तर भिंत बघा. तानसाची भिंत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि उन्हात ती खडूने ओढल्यासारखी दिसते. एवढी लांब दगडी रेघ या भागात दुसरी नाही.

आणखी एक खूण आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. तानसाचं पाणी धरणापासूनच जलवाहिन्यांत शिरतं, त्यामुळे धरणाच्या खालून निघालेली नळांची सरळ वाट जंगल कापत मुंबईकडे जाताना दिसते. भातसाचं तसं नाही. तिथलं पाणी नदीत सोडतात, ते पिसे इथल्या बंधाऱ्यापाशी उचलून पांजरापूरला शुद्ध करतात. म्हणून भातसाच्या पायथ्याशी नळ शोधून सापडणार नाहीत.

बदलापूरच्या पूर्वेला दिसतं ते बारवी, एमआयडीसीचं. माथेरानच्या दक्षिण पायथ्याशी, चौकजवळ दिसतं ते मोरबे, म्हणजे नवी मुंबई महापालिकेचं पाणी. विमानाचा मार्ग वाऱ्यानुसार आणि गर्दीनुसार बदलतो, त्यामुळे अमुक बाजूची खिडकी घ्या असं खात्रीने सांगता येत नाही.

धुरकटपणाची कारणं दोन. एक, हवा. मार्च ते मे या महिन्यांत हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर असतो, तेव्हा चांगला कॅमेराही हरतो. पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात उत्तम, शिवाय तेव्हा तलावही भरलेले असतात. दोन, खिडकी. फोनची भिंग काचेला टेकवू नका, थरथर चित्रात उतरते. एक बोटभर अंतर ठेवा आणि भोवतीने काळी ओढणी किंवा जाकीट धरा म्हणजे आतलं प्रतिबिंब जातं. पोलरायझर फिल्टर लावू नका. विमानाची खिडकी प्लास्टिकची असते, त्यातून इंद्रधनुषी पट्टे उमटतात. फोटोची वेळ मात्र बदलू देऊ नका. मिनिटापर्यंतची वेळ माहीत असली, की विमानाचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या क्षणी खाली काय होतं ते पक्कं करता येतं.

प्रश्न : तानसाच्या वेळी आपल्याकडे सिमेंट बनत नव्हतं, मग पाणी अडवणारी भिंत कशाने बांधली? आणि फोटोत भिंत मध्येच वळलेली दिसते, ती मोजणीतली चूक आहे का? (नौपाडा, ठाणे)

चूक नाही. तानसाची भिंत आराखड्यात दोन सरळ तुकड्यांची आहे. गुरुत्व धरण, म्हणजे नुसत्या स्वतःच्या वजनावर पाणी थोपवणारं धरण, कमानीसारखं वाकवण्याची गरज नसते. कमानी धरण पाण्याचा रेटा दोन्ही काठांच्या खडकांवर ढकलतं, त्याला अरुंद दरी हवी. दरी पसरट असेल तिथे कमान निरुपयोगी. तिथे पक्का खडक जिकडे कमी खोलीवर लागतो तिकडे भिंत न्यायची, आणि खडकाची दिशा बदलली की भिंतीचीही बदलायची. पाया जितका उथळ तितकी खुदाई आणि बांधकाम कमी. पावणेतीन किलोमीटरवर हा फरक फार मोठा होतो.

आता चुना. घरांना लावायचा साधा चुना इथे चालत नाही, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पायथ्याशी पंचवीस-तीस मीटर जाड असलेल्या भिंतीच्या पोटात हवा पोचणार कुठून? तो चुना शंभर वर्षांनीही आत लोण्यासारखा मऊच राहील. म्हणून पाण्याखालीही घट्ट होणारा जलीय चुना वापरायचे. आपल्याकडे तो कंकरापासून मिळायचा. कंकर म्हणजे काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी सापडणारे चुनखडीचे ओबडधोबड खडे. त्यांत मुळातच चिकणमाती मिसळलेली असते, आणि भट्टीत भाजताना त्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळते. हाच तो पाण्यात घट्ट होण्याचा गुण. साधा चुनाच हाती असेल तर त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालून तसाच परिणाम साधायचे.

भाजलेला चुना विझवायचा, चाळायचा, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात घालायचा. बैल गोल फिरतात, दगडी चाक चरातून फिरतं आणि मिश्रण घोटलं जातं. घोटणं कमी पडलं तर न विझलेले कण आत राहतात, ते पुढे भिंतीत विझून फुगतात आणि सांधा फोडतात. तयार चुन्याचा लिंबाएवढा गोळा करून, जरा आवळू देऊन, पाण्यात टाकून ठेवायचा. काही दिवसांनी बाहेर काढल्यावर नखाने ओरखडा उठला नाही आणि कडा विरघळल्या नाहीत तर माल चांगला. ही परीक्षा जुन्या वाड्याच्या किंवा विहिरीच्या दुरुस्तीच्या वेळी आजही करून पाहता येते.

दगड बेसॉल्ट, आपला काळा पाषाण, आणि रचाई थर न लावता केलेली. नवख्याला हे ओबडधोबड वाटतं, पण त्यात विचार आहे. सारख्या उंचीचे थर लावले की या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे सांधे तयार होतात. पाण्याला आत शिरायला तीच वाट आणि भिंतीला सरकायलाही तीच. लहान-मोठे दगड एकमेकांत अडकवले की अशी सलग आडवी फट राहत नाही. मोठा दगड चुन्यात बसवून मोगरीने ठोकायचा, चुना चहूबाजूंनी वर आला की तो बसला असं समजायचं. दगडाखाली पोकळी राहिली तर ठोकताना बद्द आवाज येतो, मग दगड उचलून पुन्हा बसवायचा.

चुना सावकाश घट्ट होतो म्हणून काम रेंगाळतं, पण त्याचा एक फायदा आहे. घट्ट होताना तो फार तापत नाही, त्यामुळे निवताना तडे जात नाहीत. काँक्रीटचं धरण तापतं, म्हणून त्यात साधारण १५ ते २० मीटरवर उभे सांधे ठेवावे लागतात. जवळून घेतलेल्या हवाई छायाचित्रात काँक्रीटच्या भिंतीवर हे उभे पट्टे ओळीने दिसतात. तानसासारख्या चुनेगच्ची भिंतीवर ते नसतात.

मुंबईसाठी आधी विहार १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये झालं, तानसा १८९२ मध्ये. पुढे तानसा योजनेचे टप्पे १९१५, १९२५ आणि १९४८ मध्ये पुरे होत गेले. म्हणून ही सगळी १८९२ ची भिंत आहे असं म्हणणं बरोबर नाही.

प्रश्न : धरणाच्या कोरड्या बाजूवर पांढरे ओघळ दिसतात. धरण झिरपतंय का? धोका आहे का? (कोपरी, ठाणे पूर्व)

झिरपतंय, आणि थोडं झिरपणं दगडी धरणात धरलेलंच असतं. पाणी चुन्याच्या सांध्यांतून येताना त्यातला थोडा चुना विरघळवून आणतं. बाहेर हवा लागली की तो कार्बोनेट होऊन पांढरा साचतो. ओघळ पांढरा म्हणजे भिंत आजची नाही, बरीच वर्षं काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. धोका आहे की नाही हे रंगावरून कळत नाही, मोजणीवरून कळतं.

मोजायचं असं. भिंतीच्या पायथ्याशी चर काढून झिरपणारं पाणी एका जागी आणतात आणि तिथे इंग्रजी व्ही अक्षराच्या खाचेची पाटी बसवतात. नव्वद अंशांच्या खाचेतून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असली तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी जातं. १० सेंटिमीटर झाली तर साधारण ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं, म्हणून पट्टीवरचा एकेक मिलिमीटर नीट वाचावा लागतो. ही नोंद तलावाच्या पातळीसोबत आलेखावर मांडतात. पातळी वाढली की झिरप वाढते आणि उतरली की उतरते, तर ते निरोगी. पातळी तीच असूनही झिरप वर्षागणिक वाढते, किंवा स्वच्छ पाणी अचानक गढूळ येऊ लागतं, तेव्हा मात्र वाट पाहायची नाही. गढूळ म्हणजे आतलं काहीतरी वाहून चाललंय.

खरी काळजी दिसणाऱ्या ओघळाची नसून न दिसणाऱ्या दाबाची आहे. भिंतीत आणि पायाखाली शिरलेलं पाणी भिंतीला खालून वर उचलतं, त्याला उद्धरण दाब म्हणतात. फ्रान्समधलं बूझे धरण १८९५ मध्ये फुटल्यावर अभियंत्यांचं या दाबाकडे खऱ्या अर्थाने लक्ष गेलं. तानसा त्याआधी तीन वर्षं बांधून झालं होतं. याचा अर्थ तानसा कमकुवत आहे असा कुणी काढू नये. त्या पिढीच्या सगळ्याच धरणांकडे आज पाहताना ही गोष्ट हिशेबात धरावी लागते, एवढंच.

हिशेब किती बदलतो ते बघा. कोणत्याही विशिष्ट धरणाचा नाही, नुसता समजण्यापुरता ३० मीटर उंचीचा त्रिकोणी छेद घेऊ, पाण्याकडची बाजू उभी. तळाशी पाण्याचा दाब चौरस मीटरला ३० टन. भिंतीच्या एका मीटर लांबीवर एकूण रेटा ४५० टन, तळापासून १० मीटर वर. दगडी बांधकामाचं वजन घनमीटरला २.४ टन धरलं आणि भिंतीत कुठेही ताण येऊ द्यायचा नाही अशी अट घातली, म्हणजेच वजन आणि रेटा यांचा एकत्रित जोर पायाच्या मधल्या तिसऱ्या भागात पडायला हवा, तर उद्धरण दाब न धरता पाया १९.५ मीटर रुंद पुरतो. तो दाब पूर्ण धरला, की साडेपंचवीस मीटर लागतो. उंची तीच, पाणीही तेच, आणि पाया सहा मीटरने रुंद.

म्हणूनच कोरड्या बाजूच्या ओघळांवर सिमेंटचा गिलावा मारून ते बंद करणं हे सर्वांत वाईट काम. दिसायला भिंत कोरडी होते, पण आत शिरलेलं पाणी कोंडलं जातं आणि दाब वाढतो. पाणी अडवायचं ते पाण्याच्या बाजूने : तलाव उतरला की त्या बाजूच्या दरजा खरवडून नव्याने भरायच्या, गरज पडली तर गनाइटिंग, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण जोराने फवारून थर देणं, करायचं, भिंतीत भोकं पाडून दाबाखाली सिमेंटचं पातळ मिश्रण भरायचं. कोरड्या बाजूने पाण्याला वाट मोकळीच ठेवायची. नगर जिल्ह्यातल्या १९२६ च्या भंडारदरा धरणाला १९६९ मध्ये तडे जाऊन मोठी गळती झाली, तेव्हा त्याला मागून दगडी टेकू देऊन बळकट करावं लागलं. ते धरण आजही उभं आहे.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. १५ मीटरहून उंच धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी त्यात बंधनकारक आहे.

प्रश्न : अडीचशे ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन आहे. तानसावर उडवला तर चालेल का? (माजिवडा, ठाणे)

नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला उडवण्याचा परवाना लागत नाही, हे खरं. पण परवाना लागत नाही याचा अर्थ कुठेही उडवता येतो असा नाही. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत मुभा असते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटर. त्याहून जवळ आलात की हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारची. आता मुंबई आणि नवी मुंबई असे दोन विमानतळ झाल्याने तुमच्या-आमच्या शहरांत मोकळा तुकडा फारसा उरलेला नाही.

तानसाच्या बाबतीत आणखी दोन अडसर आहेत आणि ते त्या नकाशावर दिसत नाहीत. तलावाभोवती तानसा अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते. धरण मुंबई महापालिकेचं, पिण्याच्या पाण्याचं आणि पहाऱ्यातलं. त्यांची परवानगी वेगळी. शिवाय पोलिसांचे ड्रोनबंदीचे मनाईहुकूम अधूनमधून निघत असतात, ते त्या आठवड्याचे तपासावे लागतात.

परवानगी घेऊन इतर एखाद्या तलावावर उडवत असाल तर : ड्रोनच्या पोटाखालचे संवेदक जमिनीवरचं चित्र बघून ड्रोन स्थिर ठेवतात. हलत्या पाण्यावर त्यांना धरायला काही सापडत नाही आणि ड्रोन सावकाश वाहवत जातो किंवा खाली उतरतो. पाण्यापासून १० मीटरच्या आत जाऊ नका. भिंतीवर आपटलेला वारा वर उसळतो, त्यामुळे भिंतीच्या माथ्यावर आडवं उडताना हिसका बसतो. घार जवळ घिरट्या घालू लागली तर ताबडतोब परत या. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की परतायचं, कारण येताना वारा समोरचा असू शकतो.

आमचं स्पष्ट मत आहे, की धरण समजून घ्यायला ड्रोनची गरजच नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : उपग्रहाच्या फुकट चित्रांवरून तलावात किती पाणी आहे हे घरबसल्या काढता येतं का? महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी हवं आहे. (वाशी)

पाण्याचं क्षेत्रफळ चांगलं काढता येतं. साठा काढायला सोबत पातळीचे आकडे लागतात, आणि ते मुंबई महापालिका रोज जाहीर करते.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत आहेत. दर पाच दिवसांनी एक चित्र, सकाळी अकराच्या सुमारास घेतलेलं, एक ठिपका १० मीटरचा. तानसावर जा, एल-टू-ए (हवेचा परिणाम काढून टाकलेला) प्रकार निवडा, ढगांची मर्यादा १० टक्क्यांवर आणा, तारीख घ्या. आधी नैसर्गिक रंगात बघा, मग एनडीडब्ल्यूआय हा पाणी वेगळं दाखवणारा थर लावा. हिरव्या प्रकाशाचं परावर्तन वजा जवळच्या अवरक्त प्रकाशाचं, भागिले दोन्हींची बेरीज, असं त्याचं गणित. अवरक्त प्रकाश पाणी गिळून टाकतं आणि पानं परत फेकतात, त्यामुळे पाणी शून्याच्या वर येतं आणि जंगल शून्याच्या खाली. काठ धरून बहुभुज काढा, क्षेत्रफळ तिथेच मिळतं.

चुका कुठे होतात? हिवाळ्यात सकाळी सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून टेकड्यांच्या वायव्येला सावली पडते आणि ती पाण्यासारखी दिसते. मोडक सागरच्या चिंचोळ्या दरीत ही चूक हमखास होते. जूनमधलं गढूळ पाणी उलट जमिनीसारखं वाटतं. काठावरच्या ठिपक्यांत अर्धं पाणी, अर्धी जमीन असते; काठाची लांबी ६० किलोमीटर असेल आणि सगळीकडे अर्ध्या ठिपक्याची चूक धरली तर ०.३ चौरस किलोमीटरचा फरक पडतो. ही चूक अहवालात लिहा, लपवू नका. परीक्षकाला तीच आधी बघायची असते.

पावसाळ्यात ढगांमुळे चित्र मिळत नाही, तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार-चित्र घ्या, व्हीव्ही थर. शांत पाणी त्यात काळं दिसतं. वारा असला की लाटांमुळे तेच पाणी उजळतं, मग त्याच्या आगेमागचं दुसरं चित्र बघा.

आता साठ्यातला फरक. दोन तारखांची क्षेत्रफळं आणि पातळीतला फरक घ्या. दोन्ही क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज करा, तिला तीनने भागा, पातळीच्या फरकाने गुणा. काल्पनिक आकड्यांनी : आधी १६ चौरस किलोमीटर, नंतर १२.२५, पातळी ३ मीटरने उतरली. वर्गमूळ १४, बेरीज ४२.२५, भागिले ३, गुणिले ३, म्हणजे ४२.२५ दशलक्ष घनमीटर. दशलक्ष घनमीटरचे १०० कोटी लिटर होतात, तर हे ४,२२५ कोटी लिटर. मुंबईचा रोजचा पुरवठा ३८५ कोटी लिटरच्या आसपास धरला तर हे अकरा दिवसांचं पाणी. त्यातून बाष्पीभवन वजा करा : उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर आणि सरासरी १४ चौरस किलोमीटर धरलं तर रोज ८.४ कोटी लिटर नुसते उडून जातात.

निष्कर्ष पडताळायला हे आकडे जवळ ठेवा. तानसाचा उपयुक्त साठा १४,५०८ कोटी लिटर. मुंबईच्या सातही तलावांचा मिळून १,४४,७३६ कोटी लिटर, त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. म्हणजे तानसा सातांतला दहावा हिस्सा.

प्रश्न : तानसा १२८.६३ मीटरवर भरून वाहतं असं बातम्यांत येतं, पण संगणकावरच्या नकाशात तिथली उंची बरीच कमी दिसते. कोणाचं खरं? (घणसोली)

दोघांचंही. नकाशा समुद्रसपाटीपासून मोजतो. मुंबई महापालिकेचा उंची मोजण्याचा जुना शून्य मुंबईच्या टाउन हॉलशी बांधलेला आहे आणि तो समुद्रसपाटीच्या वीस-पंचवीस मीटर खाली धरलेला आहे. तेवढे वजा करा, जमेल. सातही तलावांचे आकडे एका तक्त्यात छापतात म्हणून त्यांचा शून्यही एकच असेल असं गृहीत धरू नका. दोन तलावांच्या पातळ्यांची वजाबाकी करून एकातून दुसऱ्यात पाणी आपोआप जाईल, असे निष्कर्ष काढलेली पत्रंही आली आहेत. ते निष्कर्ष याच कारणाने चुकतात.

प्रश्न : उन्हाळ्यातल्या चित्रात तलावाच्या कडेने फिकट पट्टा आणि त्यात सरळ रेघा दिसतात, त्या कशाच्या? आणि एवढं पाणी समोर असताना आमच्या पाड्यांना मार्च उजाडला की टँकर का लागतो? (शहापूर, जि. ठाणे)

फिकट पट्टा म्हणजे पाणी उतरून उघडी पडलेली जमीन. दरवर्षी पाण्याखाली जाते म्हणून तिथे झाड टिकत नाही, लाटा माती धुऊन नेतात आणि मुरूम-दगड उरतो. पट्ट्याची रुंदी मात्र पाणी किती उतरलं ते सांगत नाही. सपाट काठावर एक मीटर उतार शंभर मीटर रुंद दिसतो, उभ्या काठावर दोन मीटर. निसर्गात सरळ रेघ सहसा नसते, त्यामुळे त्या रेघा बहुतेक जुन्या वाटा, शेताचे बांध किंवा पाण्याखाली गेलेल्या वस्तीची जोती असतात. जवळून पाहिलं तर बांधाच्या दगडांवर कोरड्या शेवाळाचा राखाडी थर असतो, वर्षातून आठ महिने पाण्यात असल्याची ती खूण.

टँकरचं कारण उंचीत आहे. मुंबईपर्यंतचं ऐंशी-नव्वद किलोमीटरचं अंतर तानसाचं पाणी उताराने जातं, कशेळीजवळची खाडीही ते नळांच्या पुलावरून ओलांडतं. पाडे मात्र तलावाच्या वर, डोंगरसोंडांवर आहेत. खालचा बेसॉल्ट पाणी फार धरत नाही, म्हणून विहिरी मार्चला तळ गाठतात. पाणी खाली दिसतं आणि ते वर चढवावं लागतं.

चढवायला किती लागतं ते मोजूनच बघा. एक लाख लिटर पाणी ६० मीटर वर चढवायला सव्वासोळा युनिट ऊर्जा लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर २७ युनिट वीज, नळातलं घर्षण धरून तीस. माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे एक लाख लिटर म्हणजे अठराशे लोकांचं पाणी. अठराशे लोकांना रोज तीस युनिट वीज ही अशक्य गोष्ट नाही, आणि दोन तलावांच्या मधल्या माणसांनी हंडा घेऊन टँकरची वाट पाहावी हे आम्हाला कोणत्याही हिशेबात बसत नाही. अशा योजना बंद पडतात त्या पुढे : तिन्ही फेज वीज मिळत नाही, मोटर जळते आणि तिचं वाइंडिंग करायला महिना जातो, बिल कुणी भरायचं हे ठरलेलं नसतं, परतीचं पाणी रोखणारी झडप नसल्याने पंप बंद होताच उभ्या नळातलं सगळं पाणी मागे आदळून सांधे उखडतात.

तुमच्या पाड्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा असेल तर चार आकडे काढा : उन्हाळ्यातल्या पाण्याच्या काठाची उंची, पाड्यावरच्या टाकीची उंची, दोन्हींमधलं नळाचं अंतर आणि माणसं-गुरं किती. दोन्ही उंच्या एकाच नकाशावरून, एकाच शून्यापासून घ्या. काठाची उंची मेमधल्या चित्रावरून काढा, ऑक्टोबरमधल्या नाही. ऑक्टोबरची घेतली तर पंपाचा पाया पाण्यापासून शंभर मीटर लांब आणि कोरडा राहील. पाणी उचलायला तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची मंजुरी आणि अभयारण्यातून नळ न्यायला वनविभागाची मंजुरी, हे दोन अर्ज एकाच दिवशी द्या. एकामागून एक दिलेत तर एक उन्हाळा वाया जातो.